कानातला आवाज जबड्यामुळे येतोय का? कसं ओळखायचं, कुठे दाखवायचं, घरी काय करायचं

हो, जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यामुळे कानात आवाज येऊ शकतो. पण कानात आवाज येणाऱ्या प्रत्येकाचा जबडा बिघडलेला नसतो, आणि जबडा कटकन वाजणाऱ्या प्रत्येकाच्या कानात आवाज येतो असंही नाही. ही गोष्ट कुणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली माणसं या दवाखान्यातून त्या दवाखान्यात हेलपाटे घालत राहतात. कानाचे डॉक्टर म्हणतात कान ठीक आहे, दाताचे डॉक्टर म्हणतात दाढ ठीक आहे, आणि घरातले म्हणतात मनाचे खेळ आहेत. रात्री दिवा मालवला की कुंई मात्र सुरूच.

हे मनाचे खेळ नाहीत. बाहेर आवाज नसला तरी मेंदूच्या ऐकण्याच्या यंत्रणेत तो खरोखर तयार होत असतो. पुढे जे लिहिलंय त्याचा क्रम मी जाणूनबुजून ठेवलाय: आधी कान, मग जबडा, आणि जबड्याच्या उपचारात आधी ते, जे नंतर सोडून देता येतं. हा क्रम उलटा झाला की पैसाही जातो आणि कधीकधी चांगल्या दाढाही जातात.

जबड्याचा आणि कानाचा संबंध काय?

कानाच्या भोकापुढे जो लहानसा उंचवटा असतो, त्याच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड सावकाश उघडा, मिटा. बोटाखाली जे सरकतं तोच जबड्याचा सांधा. खालच्या जबड्याचं गोल टोक तिथे कवटीच्या खाचेत बसतं, आणि दोन हाडांच्या मध्ये एक चिवट चकती असते. या सांध्याच्या मागच्या बाजूला लगेच कानाची नळी. मध्ये फक्त हाडाचा पातळ पडदा. त्यामुळे सांध्याचं दुखणं पुष्कळांना कानातच दुखतंय असं वाटतं.

कानाच्या तक्रारी आणि जबडा यांची सांगड जेम्स कॉस्टन या अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञांनी १९३४ मध्ये घातली. दाढा पडल्या की जबडा मागे सरकतो आणि कानाजवळच्या भागावर दाब येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. हे कारण पुढे टिकलं नाही. पण जबड्याच्या रुग्णांना कानाच्या तक्रारी जास्त असतात, हे त्यांचं निरीक्षण खरं ठरलं.

आज जे समजतं ते असं. जबड्याचा सांधा, चावायचे स्नायू, दात आणि चेहरा यांची संवेदना ट्रायजेमिनल नावाची नस मेंदूकडे नेते. कानाची नस वेगळी. पण मेंदूच्या खोडात, कानाचा संदेश जिथे पहिल्यांदा पोहोचतो त्याच ठिकाणी, या ट्रायजेमिनल नसेचे काही धागेही येऊन मिळतात. एकाच खांबावरून गेलेल्या दोन तारा वाऱ्यानं एकमेकींना लागाव्यात तसं होतं: जबड्याचे स्नायू सतत ताणलेले राहिले की त्यांचा गोंधळ ऐकण्याच्या तारेत उतरतो. शिवाय कानाचा पडदा ताणणारा चिमुकला स्नायू आणि कान व घसा जोडणारी नळी उघडणारा स्नायू, हे दोन्ही याच नसेच्या हुकमावर चालतात. म्हणून अशा माणसाला आवाजाबरोबर कान दडे बसल्यासारखा, भरल्यासारखाही वाटतो.

आणखी एक गोष्ट. अनेकदा कानात थोडीशी कमतरता आधीपासून असते आणि जबड्याचा ताण त्यावर आवाज चढवतो. म्हणजे ‘कान की जबडा’ हा प्रश्न पुष्कळ वेळा ‘कान आणि जबडा’ असा निघतो.

पहिली पायरी: वाट बघायची नाही अशा गोष्टी

एका कानानं अचानक, म्हणजे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत, कमी ऐकू यायला लागलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. हे कानाचं तातडीचं दुखणं आहे. स्टिरॉइडचा उपचार जितका लवकर तितका उपयोगी, आणि दोन-तीन आठवडे तेल घालण्यात, शेकण्यात गेले तर ती संधी हातची जाते. मळ असेल म्हणून थांबलेली माणसं मी बघितली आहेत, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नाडीच्या ठोक्याबरोबर ‘धब धब’ येणारा आवाज, फक्त एकाच कानात टिकून राहिलेला आवाज, सोबत गरगरणं, कानातून पू किंवा रक्त, चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणं, डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेला आवाज, या सगळ्यात जबड्याचा विचार नंतर. वाकड्या चेहऱ्यासाठी आणि डोक्याच्या मारासाठी तर तडक हॉस्पिटल.

जबडा दुखण्याचेही दोन प्रकार तातडीचे. चढ चढताना, ओझं उचलताना जबडा दुखतो, घाम सुटतो, छातीत दाब येतो, आणि थांबलं की कमी होतं, तर ते हृदयाचं असू शकतं. आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला घास चावता चावता जबडा भरून येतो, कानशिलाची शीर दुखते, नजर अंधुक होते, तर ताबडतोब डॉक्टरांकडे जा. त्या आजारात दृष्टी जाण्याचा धोका असतो.

दुसरी पायरी: कान तपासून घ्या

आपल्या भागात कानावर अत्याचार करणारी कामं खूप. वडगाव, खासबाग, शहापूरचे यंत्रमाग, उद्यमबागेतली फाउंड्री आणि मशीन शॉप, मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंती. आठ तासांच्या कामासाठी ८५ डेसिबलच्या पुढचा आवाज धोक्याचा मानतात. मोजायला यंत्र नको: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तो आवाज कानाला खातोय असं धरा. मागाच्या खोलीत वीस वर्षं काढलेल्या माणसाच्या कानात कुंई असेल, तर पहिला संशय मागावर घ्यायचा, जबड्यावर नाही.

तज्ज्ञ आधी कानात बघून मळ, पडद्याचं भोक, जंतुसंसर्ग तपासतील. मग ऑडिओमेट्री, म्हणजे हेडफोन लावून बारीक बारीक आवाज ऐकवून करायची चाचणी, आणि गरज वाटल्यास टिम्पॅनोमेट्री, ज्यात पडद्याची हालचाल आणि मधल्या कानातला दाब कळतो. दोन्ही चाचण्या न दुखणाऱ्या आहेत. ‘कान ठीक आहे’ एवढ्या तोंडी उत्तरावर परत येऊ नका. ऑडिओमेट्रीचा कागद मागून घ्या, कारण पुढच्या प्रत्येक डॉक्टरला तो लागतो.

चालू असलेली सगळी औषधं सोबत न्या. जास्त डोसातली ॲस्पिरिन, क्षयरोगात किंवा मोठ्या जंतुसंसर्गात दिली जाणारी काही इंजेक्शनं, कर्करोगाचं सिस्प्लॅटिन, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या यांनीही कानात आवाज येऊ शकतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, फक्त विचारा. रक्तदाब, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि थायरॉईड हेही एकदा बघून घेतलेलं बरं.

कानात गरम तेल, लसणाचं तेल, काडी, पिन काही घालू नका. पडद्याला भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात उतरतं. बाजारात बसून कान कोरून देणाऱ्यापुढे तर कान करूच नका.

तिसरी पायरी: जबडा घरी तपासा

आरसा आणि पाच मिनिटांची शांतता लागते. खुर्चीत ताठ बसा.

हाताची मधली तीन बोटं जुळवून, उभी धरून, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. बहुतेक मोठ्या माणसांचं तोंड ४० ते ५० मिलिमीटर उघडतं, म्हणजे तीन बोटं जायला हरकत नसते. दोनच जात असतील तर ते लिहून ठेवा.

आता आरशात बघत तोंड सावकाश उघडा. हनुवटी सरळ रेषेत खाली जाते, की एका बाजूला वळते? सांध्यावर बोटं ठेवून पुन्हा तसंच करा. कट्ट असा आवाज, घासल्यासारखी खरखर, दुखणं, यांपैकी काय आहे? नुसताच कटकन आवाज, दुखत नाही, तोंड अडकत नाही, तर त्याला उपचाराची गरज नसते. असा आवाज कितीतरी धडधाकट माणसांच्या जबड्यात असतो.

मग गालाचा स्नायू. दात घट्ट चावा. गालाच्या मागच्या भागात जो टणक गोळा वर येतो तो हाच. आता दात सैल सोडून त्या जागी दोन बोटांनी बेताचा दाब द्या, तसाच कानशिलावरही. दाबल्यावर आपली ‘ती’ ओळखीची वेदना उमटते का, कानात काही बदल होतो का, बघा.

शेवटी आवाजाची परीक्षा. कुंई नीट ऐकू येईल अशा शांत जागी एकेक करून बघा: दात पाच सेकंद घट्ट चावा, खालचा जबडा पुढे काढा, डावीकडे, उजवीकडे सरकवा, तळहात कपाळाला लावून डोकं त्यावर रेटा, मान दोन्ही बाजूंना वळवा. प्रत्येक वेळी आवाज वाढला, कमी झाला, की पट्टी बदलली, ते नोंदवा. इथे घाईनं निष्कर्ष काढू नका. जबडा आवळल्यावर आवाज बदलणं हे जबडा दुखत नसलेल्या पुष्कळ लोकांतही दिसतं. एवढ्यावरून जबडाच दोषी ठरत नाही.

संशय पक्का होतो तो या गोष्टी एकत्र आल्यावर: जबड्याचं दुखणं आणि आवाज साधारण एकाच काळात सुरू झाले, दोन्ही एकाच बाजूला आहेत, जबडा दुखतो त्या दिवशी आवाजही चढतो, सकाळी उठल्यावर गाल आणि कानशिलं अवघडलेली असतात, आणि ऑडिओमेट्री चांगली आहे किंवा तिच्यातली कमतरता आवाजाच्या मानानं थोडी आहे. जबड्याचं हे दुखणं बायकांमध्ये, विशेषतः वीस ते चाळीस या वयात, जास्त दिसतं.

गुटखा, सुपारी खात असाल तर हे आधी वाचा

तोंड कमी उघडतंय म्हणजे सांधाच बिघडला असं नाही. सुपारी, गुटखा, मावा खाणाऱ्यांच्या गालाच्या आतलं कातडं पांढरट आणि ताठ होत जातं, तिखट लागलं की आग होते, आणि बोटानं चाचपलं तर गालात दोरीसारखे पट्टे लागतात. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. हा कर्करोगाच्या आधीचा टप्पा असू शकतो. टाळूजवळचे स्नायू यात आखडले की कान दडे बसतो, आवाज येतो. अशा माणसानं जबड्याचा व्यायाम करत घरी बसू नये, तोंड दाखवून यावं. दोन-तीन आठवडे न भरणारी तोंडातली जखम आणि त्याच बाजूचा कान दुखणं ही जोडी तर एक दिवसही अंगावर काढायची नाही.

चौथी पायरी: सवयी पकडा

दोन आठवडे एक वही ठेवा. रोज तीन वेळा, सकाळी उठल्यावर, दुपारी आणि झोपताना, आवाज शून्य ते दहात किती, जबडा शून्य ते दहात किती, आणि त्या आधीच्या तासात काय करत होता, एवढंच लिहायचं.

माझी मावशी निपाणीत विड्या वळते. मांडीवर सूप, मान खाली, नजर बोटांवर. वही ठेवायला लागल्यावर तिला दिसलं की दुपारचा आकडा सकाळपेक्षा नेहमी वर असतो. शेजारी बसून बघितलं तर कारण समोरच होतं: पान दुमडून दोरा गुंडाळताना दर वेळी तिच्या गालाचा गोळा वर येत होता. हाताबरोबर दातही आवळत होते, तासन्‌तास, तिच्या नकळत. शिलाई करणाऱ्या बायका दोरा दातानं तोडतात. मागावर तुटलेला धागा जोडताना, बारीक अक्षरं वाचताना, स्कूटरवर ट्रॅफिकमध्ये, परीक्षेच्या अभ्यासात हेच होतं.

एरवी, घास चावताना आणि गिळताना सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायलाच नकोत. ओठ मिटलेले, दातांत फट, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला हलकं टेकलेलं, ही जबड्याची विश्रांतीची बैठक. सुपावर, शिलाई मशिनवर, मोबाइलच्या मागे एक रंगीत ठिपका चिकटवा. ठिपका दिसला की दात सोडायचे. माझ्या मते सगळ्या उपचारांत फुकट आणि सगळ्यात उपयोगी हाच.

झोपेत दात खाणं घरातल्या दुसऱ्या माणसाला ऐकू येतं, त्यांना विचारा. लहान मूल दात खातं म्हणजे जंत झालेत ही समजूत घरोघरी आहे, पण मोठ्या माणसानं जंताची गोळी घेऊन हे थांबत नाही. ताण, अपुरी झोप, रात्री उशिराचा चहा, तंबाखू, दारू यांनी ते वाढतं. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

पाचवी पायरी: जबड्याला विसावा, सहा ते आठ आठवडे

खाणं मऊ ठेवा, पातळ नव्हे. ताजी भाकरी आमटीत कुस्करून, मऊ भात, खिचडी, उपीट, इडली, शिजवलेल्या भाज्या. बेळगावचा कुंदा खुशाल खा, तो जिभेवरच विरघळतो. गोकाकचं करदंट मात्र काही दिवस डब्यातच राहू द्या, डिंक आणि सुकामेव्याचा तो चिवट तुकडा दुखऱ्या सांध्याला झेपत नाही. कडक भाकरी, फुटाणे, चिक्की, दातानं सोलून खायचा ऊस, च्युइंगगम बंद. घास लहान, आणि दोन्ही बाजूंनी चावायचा.

जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा, म्हणजे तोंड पूर्ण वासणार नाही. पालथं झोपू नका. मोबाइल मान आणि खांद्यात धरून बोलू नका. हेल्मेटचा पट्टा जबडा मागे ढकलत असेल तर सैल करा, हेल्मेट मात्र सोडू नका.

गालावर आणि कानशिलावर ओल्या गरम फडक्याचा शेक, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. कापड आधी मनगटावर लावून बघा. मार लागून नुकतीच सूज आली असेल तर शेक नको, कापडात गुंडाळलेला बर्फ. शेकानंतर गालाच्या गोळ्यावर बोटांनी हलके गोल फिरवा.

व्यायाम एकच सांगते. जीभ टाळूला लावून ठेवा, आणि जीभ न सोडता तोंड जेवढं उघडेल तेवढंच सावकाश उघडा, मिटा. सहा वेळा, दिवसातून पाच-सहा बैठका. हनुवटी सरळ खाली जाते का, आरशात बघा. दुखलं तर कमी करा. कुणी जबडा ओढून, झटका देऊन ‘बसवून’ देतो म्हणालं तर नको म्हणा.

दुखण्यावरच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्याच दिवस. मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर, रक्तदाब, गरोदरपण असेल तर दुकानातून आपल्या मनानं घेऊ नका.

सहावी पायरी: जबडा कुणाला दाखवायचा

बेळगावात कानासाठी जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स, किंवा नेहरूनगरचं केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे हॉस्पिटल आहे. जबड्यासाठी दंत महाविद्यालय गाठा: केएलईचं व्ही. के. दंत महाविद्यालय नेहरूनगरलाच आहे, आणि मराठा मंडळाचं नाथाजीराव हलगेकर दंत महाविद्यालयही शहरातच. खानापूर, चंदगडकडून येणाऱ्यांना शक्यतो एकाच फेरीत दोन्ही उरकता येतील असं बघावं. केसपेपर काढताना ‘दाढ दुखते’ म्हणू नका, नाहीतर दाढेच्या रांगेत जाल. ‘जबड्याचा सांधा दुखतो, कानात आवाज येतो, ओरल मेडिसीन किंवा ओरल सर्जरीला दाखवायचंय’ असं सांगा. समोरचे डॉक्टर कन्नड बोलणारे असले तर किवी म्हणजे कान, दवडे म्हणजे जबडा, नोवु म्हणजे दुखणं, एवढ्यावर काम भागतं. वही आणि ऑडिओमेट्रीचा कागद पुढे ठेवा.

ते हातानं तपासतील, अक्कलदाढ किंवा किडलेला दात कारण नाही ना बघतील, कदाचित जबड्याचा पूर्ण एक्स-रे, ओपीजी, काढतील. एमआरआय प्रत्येकाला लागत नाही. तोंड अडकतं किंवा चकती सरकल्याचा संशय आहे तेव्हा त्याचा उपयोग. मान आखडली असेल तर फिजिओथेरपीही जोडून घ्यावी.

रात्री दात खाणाऱ्यांना स्प्लिंट देतात. तोंडाचं माप घेऊन बनवलेली, वरच्या किंवा खालच्या सगळ्या दातांवर बसणारी कडक ॲक्रिलिकची पट्टी. ती दात खाणं थांबवतेच असं नाही, पण दात आणि सांधा वाचवते. दोन-तीनदा घासून बसवून घ्यावी लागते, आणि टोचत असेल तर तशीच सोसू नये. ऑनलाइन मिळणारी, गरम पाण्यात बुडवून चावायची मऊ पट्टी कायमची म्हणून वापरू नका.

सुरुवातीलाच निरोगी दात घासून ‘चावा जुळवून’ देणं, फक्त कानातल्या आवाजासाठी तारा लावणं, चांगल्या दाढा काढणं, सांध्याची शस्त्रक्रिया, यांना घाईनं होकार देऊ नका. बहुतेकांचं जबड्याचं दुखणं साध्या उपायांनी काही आठवड्यांत, काही महिन्यांत उतरतं, आणि घासलेला दात परत येत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे.

आवाज तरीही राहिला तर

जबडा बरा झाला आणि आवाज निम्म्यावर आला, पण गेला नाही, असं पुष्कळांचं होतं. मावशीचंही तसंच आहे. कानात कमतरता असेल तर श्रवणयंत्रानं ऐकणं सुधारतं आणि आवाजही मागे पडतो. रात्री पूर्ण शांतता ठेवू नका. पंखा, मंद रेडिओ, मोबाइलवरचा पावसाचा आवाज, कुंईपेक्षा किंचित खाली ठेवून लावा. आवाजाची धास्ती आणि झोपमोड कमी करण्यासाठी मानसोपचारातली सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी पद्धत, उपयोगी ठरलेली आहे. ती घ्यायला जाणं म्हणजे वेड लागलंय असं नव्हे, हे घरच्यांनाही सांगा. ‘कानातला आवाज घालवणाऱ्या’ महागड्या कॅप्सूलवर मात्र पैसे घालू नका, जिंको नावाच्या झाडाचा अर्क धरून त्यांतल्या कशाचाही ठोस फायदा सिद्ध झालेला नाही.

माग, फाउंड्री किंवा गिरणीत काम चालूच राहणार असेल तर कामावर नीट बसणारे इअरप्लग किंवा इअरमफ वापरा. कापसाचा बोळा आवाज अडवत नाही. ऑडिओमेट्री वर्षातून एकदा करून जुन्या कागदाशी ताडून बघा, आणि ऐकणं घसरलेलं दिसलं तर पुन्हा आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा.